विराग म्हणजे फूल

हंगेरियन भाषेत फुलाला 'विराग' म्हणतात. हे कळलं त्या दिवशी मी बराच वेळ तो शब्द नुसता बघत बसले. आपल्याकडे विराग म्हणजे सगळ्यातून मन निघणं, आणि तिकडे फूल. दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, उच्चार जुळला इतकंच. पण ज्या रचनेच्या नावात तो मला भेटला, तिला दोन्ही अर्थ शोभतात. 'विराग अझ एंबेर', म्हणजे 'माणूस फूल आहे'. ज्यॉर्ज कुर्ताग या हंगेरियन संगीतकाराची ही पियानोसाठीची रचना. तिच्या सगळ्यांत साध्या रूपात सात सूर आहेत. मोजून सात. एकेक करून, मधे जागा सोडत वाजवायचे, की संपली.

हे वाक्य सोळाव्या शतकातल्या पेतेर बोर्नेमिसा नावाच्या धर्मोपदेशकाचं. कुर्ताग यांनी 1963 ते 1968 अशी पाच वर्षं त्याच्या वचनांवर सोप्रानो, म्हणजे स्त्रीचा उंच पट्टीतला आवाज, आणि पियानोसाठी एक मोठी, अवघड रचना केली. त्यातलं हे फूल पुढे त्यांच्याजवळच राहिलं. ते पियानोच्या छोट्या तुकड्यांमध्ये पुन्हा पुन्हा उगवत राहतं.

मी मुद्रितशोधक आहे. दिवसभर लोकांच्या मजकुरातले स्वल्पविराम आणि ऱ्हस्व-दीर्घ बघते. संगीत मी शिकलेले नाही. माझ्या पुतणीचा एक जुना कीबोर्ड घरात पडून आहे, त्यावर बोट ठेवून कुठला सूर आहे ते ओळखता येतं, एवढंच. तरीही गेली काही वर्षं मी या माणसाच्या ध्वनिमुद्रणांत राहते आहे असं म्हटलं तर ते खोटं होणार नाही.

सुरुवात आईच्या आजारपणात झाली. तिचा खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर रात्री तिच्यापाशी बसायचं काम माझ्याकडे आलं. तिला उठावंसं वाटलं तर हाक मारेल, ती ऐकू यायला हवी. म्हणून उजवा कान मोकळा आणि डाव्या कानात इअरफोन, असं मी ऐकायचे. आवाज अगदी कमी. मोठ्या रचना तशा ऐकताच येत नाहीत. सिम्फनी लावली तर आई कुशीवर वळली की तीन मिनिटं हातची जायची, आणि परत आत शिरायला वाट सापडायची नाही. मला छोटं काहीतरी हवं होतं, दोन हाकांच्या मधे मावणारं. शोधता शोधता 'यातेकोक' सापडलं.

यातेकोक म्हणजे खेळ. 1973 पासून कुर्ताग पियानोसाठी हे छोटे तुकडे लिहीत आले, त्यांचे खंडांमागून खंड निघाले. एका पियानोशिक्षिकेनं मुलांसाठी काहीतरी लिहून द्या म्हटलं, तिथून हे सुरू झालं. पहिल्या खंडांच्या आरंभी त्यांनी जे सांगितलंय ते मला फार आवडतं. मूल पियानोपाशी पहिल्यांदा जातं तेव्हा त्याला ते खेळणंच वाटतं. ते पट्ट्या कुरवाळतं, थापट्या मारतं, कोपर टेकवतं. मग आपण त्याला बसवून एकेक पट्टी शोधायला आणि मात्रा मोजायला लावतो आणि खेळ संपवतो. कुर्ताग म्हणतात, तसं नको. पहिल्या दिवसापासून सगळ्या पियानोवर बेधडक फिरू दे. म्हणून या तुकड्यांत तळहात आहेत, मुठी आहेत, आख्खे हात टेकवणं आहे, पियानोच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट घसटत नेणं आहे. एक वॉल्ट्झ फक्त 'सी' या एकाच सुरावर आहे. तो सूर कधी वर, कधी खाली, कधी मधे, आणि तेवढ्यावर माणूस नाचू शकतो. चायकोव्हस्कीला वाहिलेल्या तुकड्यात त्या प्रसिद्ध पियानो कन्चर्टोची सुरुवात तळहातांच्या थापांनी वाजते. ती ऐकून मी रात्री दोन वाजता तोंडावर पदर धरून हसले होते.

पण मला धरून ठेवलं ते या हसण्यानं नाही. ईसीएम या जर्मन कंपनीनं 1997 साली काढलेली एक तबकडी आहे. मुद्रण आदल्या वर्षीचं, व्हिएन्नाच्या कोन्झर्टहाउसमधल्या मोत्सार्ट सभागृहातलं. वाजवणारे स्वतः कुर्ताग आणि त्यांच्या पत्नी मार्ता. दोघंही पियानोवादक, बुडापेस्टच्या लिस्त अकादमीत शिकताना भेटलेले, 1947 मध्ये लग्न झालेलं. म्हणजे मुद्रण झालं तेव्हा एकत्र वाजवण्याला जवळपास पन्नास वर्षं होत आली होती. या तबकडीत काही तुकडे त्यांचे एकट्याचे, काही तिचे एकटीचे, आणि काही चार हातांचे, एकाच पियानोपाशी शेजारी शेजारी बसून. मधे मधे बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या रचना आहेत, कुर्ताग यांनीच चार हातांसाठी लिहून काढलेल्या.

त्यांचा तो आवाज आधी सांगायला हवा. इतक्या मोठ्या सभागृहात, जिथे लांबलचक ग्रँड पियानो सहज मिळेल, तिथे हे दोघं घरगुती अपराइट, म्हणजे उभ्या, पियानोवरही वाजवतात. आणि वर त्याचं मधलं पेडल दाबून ठेवतात. अपराइट पियानोत अशी सोय असते की ते पेडल दाबलं की हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये फेल्टची पट्टी येते. हातोडी तारेला थेट लागत नाही, कापडातून लागते. शेजाऱ्यांची झोप मोडू नये, रात्री रियाज करता यावा म्हणून ही सोय. वादक मैफलीत ती वापरत नाहीत, कारण तिनं आवाजाची सगळी झळाळी जाते. कुर्ताग यांना नेमकं तेच हवं. झळाळी गेली की उरतो तो सुराचा गाभा, आणि दोन बोटांच्या दाबातला फरक, जो एरवी आवाजाच्या चकाकीत दिसतच नाही. मैफलीत ते दोघं अशा पियानोसमोर श्रोत्यांकडे पाठ करून बसायचे आणि तो मंद आवाज थोडासाच वाढवून सभागृहात सोडायचे.

रात्री झोपलेल्या माणसाशेजारी बसून ऐकायला याहून योग्य काय असणार?

दीड महिना मी ती तबकडी एका कानानं ऐकली. पाठ झाली होती असं मला वाटायचं. आई वॉकर घेऊन फिरू लागली, रात्रीची माझी गरज संपली, आणि एका दुपारी मी पहिल्यांदा दोन्ही कानांत इअरफोन घालून 'गॉट्टेस त्साइट' लावलं. बाखच्या 106 क्रमांकाच्या कँटाटाची, म्हणजे गायक आणि वाद्यांसाठीच्या रचनेची, ही सुरुवात. बाखनं ती विशीत, कुणाच्यातरी अंत्यविधीसाठी लिहिली. मुळात दोन बासऱ्या वरती आणि दोन व्हिओला दा गाम्बा, म्हणजे गजानं वाजवायची जुनी तंतुवाद्यं, खाली हलणारी. त्या दोन बासऱ्या जवळजवळ एकच वाजवतात. अधूनमधून एक थांबते, दुसरी तेवढ्यात एक सूर पुढे जाते, की पहिली येऊन मिळते. अडीच-तीन मिनिटांचं काम.

एका कानानं मला त्यात एक बासरी ऐकू आली होती. सुंदर, पण एक. दोन्ही कानांनी ऐकल्यावर कळलं की ही एक नाहीच, या दोन आहेत, आणि त्यांच्यात सुईच्या टोकाएवढं अंतर आहे. ते अंतर कमी होतं, वाढतं, नाहीसं होतं. मी दीड महिना जे पाठ केलं होतं त्यात नेमकी ही गोष्टच नव्हती. त्या दुपारी मी ती अकरा वेळा लावली. मोजली, कारण मला मोजायची सवय आहे.

नंतर त्यांचं चित्रीकरणही पाहिलं. दोन म्हातारी माणसं, पाठमोरी, खांद्याला खांदा. वाजवताना हात एकमेकांच्या हातांवरून जातात. कुणाचा सूर कुठला हे बघूनही सांगता येत नाही. त्या फुलाच्या तुकड्याच्या चार हातांच्या रूपाला कुर्ताग यांनी कंसात नाव दिलंय, 'मिठी घालणारे सूर'. मला आधी ते जरा गोड वाटलं होतं. चित्रीकरण पाहिल्यावर कळलं की ते शब्दशः आहे.

इथपर्यंत आल्यावर मला या माणसाची माहिती काढावीशी वाटली. जन्म 1926, रुमानियातल्या लुगोज गावी, हंगेरियन बोलणाऱ्या ज्यू घरात. महायुद्ध संपल्यावर बुडापेस्टला आले ते बार्तोक या थोर हंगेरियन संगीतकाराकडे शिकायला मिळेल या आशेनं. अकादमीच्या त्याच प्रवेशपरीक्षेला आलेला दुसरा तरुण म्हणजे ज्यॉर्ज लिगेती, पुढे तोही नावाजलेला संगीतकार झाला. त्यांची मैत्री तिथली, जन्मभराची. बार्तोक अमेरिकेतून परत येणार असं सगळे धरून चालले होते. लिगेतीनं पुढे सांगितलंय की ते अकादमीपाशी आले तर इमारतीवर काळा झेंडा होता. बार्तोक सप्टेंबर 1945 मध्ये न्यूयॉर्कला वारले होते.

त्यानंतरचा भाग मला माझ्या कामासाठी म्हणून महत्त्वाचा वाटतो. 1957 मध्ये कुर्ताग पॅरिसला गेले. मेसियाँ आणि मियो या फ्रेंच संगीतकारांच्या वर्गांना बसायचे, पण स्वतःला काही लिहिता येईना. पूर्ण अडले. मारिआन स्टाइन या मानसतज्ज्ञ बाईंकडे ते जाऊ लागले. त्या कलावंतांबरोबर काम करत. त्यांनी सुचवलं ते इतकं साधं होतं: दोन सूर घ्या आणि जोडा. बस, दोन. त्या काळात ते काड्यापेटीतल्या काड्यांच्या कोनाकोनांच्या आकृत्या मांडत बसत. त्यातून वर आल्यावर 1959 मध्ये जी स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीची रचना, लिहिली तिलाच त्यांनी 'ओपस 1', म्हणजे आपली पहिली कृती, म्हटलं आणि ती स्टाइनबाईंना अर्पण केली. तेहतिसाव्या वर्षी ओपस एक! आधी लिहिलेलं मोजलंच नाही.

दोन सूर जोडणं म्हणजे काय, हे मुद्रितशोधकाला कळतं. माझं सगळं आयुष्य दोन शब्दांच्या मधल्या जागेत गेलंय. कुर्ताग यांच्या लिपीत थांबण्याच्या खुणाच कितीतरी आहेत: छोटा विराम, त्याहून मोठा, आणखी मोठा. 'यातेकोक'मध्ये तर सुरांची लांबीही मात्रांत दिलेली नाही. पोकळ मोठा ठिपका म्हणजे लांब, काळा बारीक ठिपका म्हणजे आखूड. किती लांब, ते वाजवणाऱ्यानं आपल्या श्वासानं ठरवायचं. अशी मोकळीक दिली की माणूस वाटेल तसं वाजवेल असं वाटतं, पण झालं उलटंच. कुर्ताग लिस्त अकादमीत वर्षानुवर्षं शिकवत होते, रचना नव्हे, आधी पियानो आणि मग चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवायचं संगीत. त्यांच्यापाशी बसलेले वादक सांगतात की ते एकेका ओळीवर तासन्‌तास घालवायचे. आन्द्राश शिफ आणि झोल्तान कोचिश हे नामवंत पियानोवादक त्यांच्या हाताखालून गेले. दोन सुरांत किती थांबायचं हे लिहून देता येत नाही, पण चुकलं की चुकलेलं ऐकू येतं. स्वल्पविरामाचं असंच आहे.

पियानोच्या पलीकडचं त्यांचं संगीत मी भीत भीत ऐकायला घेतलं. केलर क्वार्टेटची 1996 ची तबकडी, तीही ईसीएमचीच. हिच्यात ओपस 1 आहे, आणि ती मला अजून पेलत नाही. खरचटल्यासारखे आवाज आहेत, त्यात मी आत जाते आणि घाबरून बाहेर येते. बारा 'मायक्रोल्यूड' आहेत, आन्द्राश मिहायला वाहिलेले, बारा मिळून दहा मिनिटांच्या आसपास, काही तर अर्ध्या मिनिटाच्या आत संपणारे. आणि आहे 'ओफीत्सियुम ब्रेवे', ओपस 28.

या एका रचनेसाठी मी कुणालाही ही तबकडी घ्यायला सांगेन. एन्द्रे सेर्वान्स्की हे हंगेरीतले आधीच्या पिढीचे संगीतकार, 1977 मध्ये वारले. त्यांच्या स्मरणार्थ कुर्ताग यांनी 1988-89 मध्ये ही लिहिली. पंधरा भाग, मिळून बाराएक मिनिटं. म्हणजे प्रार्थना आहे, पण चिमूटभर चिमूटभर. त्यात वेबर्न या ऑस्ट्रियन संगीतकाराच्या शेवटच्या कँटाटातला एक तुकडा घेतलाय, अवघड, एकात एक गुंतलेला. चौदा भाग तुम्ही हे सगळं सांभाळत जाता, काही ऐकायला त्रास होतो, काही इतकं हळू की तारेवर गज टेकल्याचाच आवाज. आणि पंधराव्या भागात अचानक सेर्वान्स्कींच्या स्वतःच्या जुन्या सेरेनाडमधली धून येते. साधी, 'सी मेजर'मधली, गुणगुणता येईल अशी. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय तो माणूस स्वतःच दारात येऊन उभा राहिल्यासारखी. आणि ती पुरी होत नाही. वाक्य मधेच थांबतं. पहिल्यांदा मला वाटलं फाइल तुटली आहे. मी पुन्हा उतरवून घेतली, पुन्हा तिथेच थांबली. कागदावर अर्धं वाक्य दिसलं तर मी समासात प्रश्नचिन्ह करते. इथे करता येणार नाही. ते तसंच लिहिलंय.

आणखी एक ध्वनिमुद्रण, ज्यानं मला माझ्या यंत्रसामग्रीची लाज वाटायला लावली. 'ओमाज आ आर. श.', 1990 मधलं, शूमान या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन संगीतकाराला वाहिलेलं. क्लॅरिनेट, व्हिओला आणि पियानो, म्हणजे शूमाननं त्याच्या 'मेर्खेनएर्त्सेलुंगेन'साठी निवडलेलीच तीन वाद्यं. वादक किम कश्कशियान, एदुआर्द ब्रुनर आणि रॉबर्ट लेव्हिन. तबकडी 1995 ची. सहा भागांत पहिले पाच पटापट येऊन जातात, आणि सहावा 'आबशीद', म्हणजे निरोप, एकटाच त्या पाचांपेक्षा लांब. पावलं टाकत जाणारा, प्रेतयात्रेच्या वेगाचा. मी तो दोन वर्षं इअरफोनवर ऐकत होते. मग एका मित्राकडे चांगल्या स्पीकरवर ऐकला, आणि अगदी शेवटी, सगळं विरल्यावर, खोलीच्या जमिनीतून काहीतरी आलं. बास ड्रमचा एक हलका ठोका. क्लॅरिनेटवादकानं आपलं वाद्य बाजूला ठेवून तो द्यायचा, असंच लिहिलंय. पूर्ण रचनेत ड्रमचा सूर तेवढा एकच. आणि माझ्या इअरफोननं तो दोन वर्षं माझ्यापर्यंत पोहोचू दिला नव्हता. मी मित्राला पुन्हा लावायला सांगितलं आणि या खेपेस हात जमिनीवर ठेवून बसले.

कश्कशियानचंच व्हिओलावरचं दुसरं काम, कुर्ताग आणि लिगेती एकत्र, 2012 मध्ये आलं आणि त्याला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. उत्तमच आहे. एकट्या व्हिओलाचे छोटे संदेश आहेत, कुणाच्या वाढदिवसाला, कुणाच्या मृत्यूनंतर लिहिलेले. तरी मी परत परत जाते ती त्या दोघांच्या मंद पियानोपाशीच.

आईनं ते पहिल्यांदा उघड्यावर ऐकलं तेव्हाची गोष्ट. मी कामाच्या टेबलावर छोट्या स्पीकरवर लावलं होतं आणि ती मागे खुर्चीत होती. तिच्या कानावर भजनं आणि जुनी नाट्यगीतं, यापलीकडे फारसं काही पडलेलं नाही. मी काहीच सांगितलं नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाली, "घरात कुणीतरी झोपलंय वाटतं त्यांच्या. दोघंही दबकत वाजवतायत."

मी वळून विचारलं, "दोघं आहेत हे कशावरून?"

"अगं, एकट्याला एवढं थांबायचं काय कारण?"

मला दोन्ही कान लावून जे कळायला दीड महिना आणि एक दुपार लागली, ते तिनं टेबलावरच्या डबीएवढ्या स्पीकरवर ओळखलं.

मार्ता कुर्ताग 17 ऑक्टोबर 2019 ला गेल्या. लग्नाला बहात्तर वर्षं झाली होती. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर 2018 मध्ये, कुर्ताग यांचा पहिला ऑपेरा मिलानच्या ला स्काला मध्ये झाला, तेव्हा ते ब्याण्णव वर्षांचे होते. बरीच वर्षं फ्रान्समध्ये बोर्दोजवळ काढून दोघं 2015 मध्ये बुडापेस्टला परतले होते आणि तिथल्या एका संगीतकेंद्राच्या इमारतीतच राहत होते. मार्ता गेल्याची बातमी वाचली त्या रात्री मी तबकडी लावली नाही. लावता आली नाही. पुढच्या आठवड्यात लावली तेव्हा मी फक्त तिचे एकटीचे तुकडे ऐकले, कोणते ते पुस्तिकेत बघून. फुलाचा तुकडा तबकडीत पुन्हा येतो तिथे थांबवलं.

परवा वीज गेली होती. आई पलंगावर बसलेली, मी शेजारी. मी फोनवर ऐकत होते, तिनं हात पुढे केला. "दे मलाही." मी डावा इअरफोन काढून तिला दिला. तिचा उजवा कान आता कमी ऐकतो, त्यामुळे तिनं तो डाव्याच कानात घातला आणि मग वायर पुरावी म्हणून आम्हाला जवळ सरकावं लागलं. 'गॉट्टेस त्साइट' लागलेलं होतं. खालची पावलं सुरू झाली, मग वरून ते दोन आवाज आले. माझ्या कानात त्यांतला एक.

आईनं मान वळवली नाही, डोळे मिटलेलेच होते.

"माझ्याकडे थांबलंय," ती म्हणाली. "तुझ्याकडे चालू आहे का?"

"आहे."

"बरं."